खुटबावच्या कालव्यात तपासलेलं पातं

मालवणहून रात्रीच्या एसटीत बसलो तेव्हाच उजवा गुडघा ठणकायला लागला होता. पन्नाशी आलेल्या माणसाने लाटांवर फळी घेऊन उभं राहायचं खूळ सोडावं, असं घरच्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, दोष गुडघ्याचा नाही, पात्याचा. सर्फिंगच्या फळीच्या पोटाखाली माशाच्या परासारखं पातं असतं, त्याला फिन म्हणतात. आमच्याकडे राहून गेलेल्या एका परदेशी पाहुण्याने मला त्याची फळी दिली होती. तिचं मूळ पातं खडकावर फुटलं आणि नंतर बसवलेलं प्लास्टिकचं इतकं मऊ निघालं, की वळताना फळीची शेपटी घसरायची आणि गुडघा पिळवटायचा. मला फायबरचं हवं होतं. बुडाशी ताठ, टोकाशी लवचीक, वळताना जरा दबून परत उसळणारं. त्यानेही जमलं नाही तर फळी विकेन, असं बायकोला कबूल करून निघालो होतो.

असलं काही तेव्हा आपल्याकडे विकत मिळत नसे. रांजणगावच्या कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या भाच्याने पंख्यांची पाती बनवणारी एक छोटी शेड शोधली होती. चित्र मी आधीच पाठवलं होतं. पुण्यात गाडी बदलून रांजणगावला उतरलो तेव्हा शिफ्ट सुटत होती. कंपनीच्या बसगाड्या आणि मोटारसायकलींच्या धुरातून लंगडत शेड गाठली.

बिहारकडच्या कारागिराने पातं माझ्या हातात दिलं. "साहब, दो परत एक्स्ट्रा मारा है. हाथी चढ़ेगा तो भी नहीं मुड़ेगा!"

मी टोक दाबून पाहिलं. ढिम्म हललं नाही. इथे जे वाकतं ते रिजेक्ट होतं, म्हणून त्या भल्या माणसाने माझं काम मायेने बिघडवून ठेवलं होतं. इतक्या ताठ पात्यावर फळी सरळ जोरात पळते, पण वळवायला गेलं की सगळा हिसका पायात येतो. मी रिकाम्या पिंपावर मटकन बसलो. मालकाला विचारल्याशिवाय तो कानस लावायला तयार नव्हता. मालक आप्पा खुटबावला, आपल्या शेतावर. कालव्याला पाणी आलं होतं आणि फोन कुणी उचलत नव्हतं.

मग न्हावरा, भीमेवरचा पूल, चौफुला. दोन जीपगाड्या, आणि दोन्हींत मांडीवर कुणाची तरी पिशवी. बाहेर ऊसच ऊस. एरवी मला ऊस बघायला आवडतो, त्या दिवशी नाही आवडला.

आप्पा घोटाभर पाण्यात खोरं घेऊन उभे होते. "समुद्राकडनं आलात व्हय? बसा बांधावर. दारं धरलंय (पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यात वळवणं), पाळी चुकली तर पुन्हा कवा पाणी यील सांगता येत न्हाई."

मी गाऱ्हाणं सांगितलं. आप्पा चक्रावले. "वाकाय पायजे म्हंता? जरा वाकलं तर कंपनी माल माघारी धाडती आमचा."

मी त्यांना कालव्याच्या कडेला नेलं आणि प्लास्टिकचं पातं धारेत आडवं धरायला लावलं. ते नुसतंच फडफडलं. "ह्ये तर लुळं पडलं," आप्पा म्हणाले. मग ताठ पातं धरलं आणि कचकन हात मागे गेला. "आयला, खांद्यापतूर आलं की!"

"मला ते गुडघ्यात येतं," मी म्हणालो.

आप्पा घरातून कानस घेऊन आले. टोक घासायचं, पाण्यात धरायचं, पुन्हा घासायचं. आप्पा असे रंगले की पाण्याचं भान राहिलं नाही आणि बांध फुटून सगळं शेजाऱ्याच्या कांद्यात घुसलं. आप्पा ओरडत धावले. मी पातं धारेत धरलं, तर टोक दबलं आणि हात सैल करताच सरळ झालं. फायबरच्या धुळीने दोघांचं अंग खाजत होतं. आप्पांच्या घरातून शेंगोळी (हुलग्याच्या, म्हणजे आपल्या कुळथाच्या पिठाचे वळून रश्श्यात शिजवलेले तुकडे) आली, ती खाजवत खाजवतच खाल्ली. इतक्या दूर कुळीथ भेटल्याने जिवाला बरं वाटलं.

घरी परतल्यावर चांगल्या लाटांची सकाळ बघून फळी पाण्यात घातली. उभा राहिलो, वळलो. पातं दबलं, उसळलं, फळी लोण्यासारखी फिरली. हिसका आलाच नाही. तरीही गुडघा दुमडला आणि मी पाण्यात गेलो. वर आलो तेव्हा नाकातोंडात पाणी होतं आणि दोष द्यायला काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी आप्पांना फोन लावला.

"पातं कसं हाय?"

"एकदम बरोबर."

"आन् गुडघा?"

"गुडघाच गेलाय, आप्पा. उभं राहता येत नाही."

"मग आता?"

"फळीवर पालथा पडून आलो."

"काठापतूर?"

"हो, काठापर्यंत."

"मग झालं की!"

झालं नव्हतं. उभं राहण्याची मजा गेली ती गेलीच, तिचं मला आजही वाईट वाटतं. बायकोने मात्र फळी विकायचा विषय पुन्हा काढला नाही, आणि मीही तिला आठवण करून दिली नाही.