शर्ट घातलेलं गाढव

आमच्या घरातलं कोणीही बाबांच्या चित्रात कधी सुंदर दिसलं नाही. आई म्हणजे मानेवरची पिसं गळालेली कोंबडी, पंखात कायम झारा. मी म्हणजे नाक वाहणारं, दोन शेंड्या बांधलेलं मांजराचं पिल्लू. शेजारचे बँकवाले काका चष्मा लावलेला बोकड झाले होते आणि त्यांच्या बॅगेचा बंद तुटलेला होता. लहानपणी मला याचा भयंकर राग यायचा. वर्गातल्या मुली बाबांची चित्रं छापलेलं मासिक घेऊन यायच्या आणि पिल्लाच्या नाकावर बोट ठेवून माझ्याकडे पाहायच्या. एकदा मी बाबांना म्हटलं, मला एकदा तरी नीट काढा. ते म्हणाले, "नीट मानसाकडं पाह्यते कोन?"

बाबा अकोल्यात एका छोट्या प्रेसमध्ये होते. लग्नपत्रिका, हँडबिलं आणि दर महिन्याला मुलांचं एक पातळसं मासिक तिथं छापलं जाई. त्यातली चित्रं बाबा लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छपाईचे ठोकळे करत. सगळी जनावरं गबाळी, झिपरी, केसांत गवत अडकलेली. स्वतःला त्यांनी गाढव केलं होतं. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेन, आणि कमरेखाली काहीच नाही. आधी मासिक बंद पडलं, मग प्रेस. ट्रंकेत जुने अंक उरले आणि बाबांच्या गालात खर्रा उरला.

त्या तंबाखूनं आधी त्यांचं तोंड उघडेनासं केलं, मग गाठ आणली. पहिल्या ऑपरेशनात जिभेचा मोठा भाग गेला, बोलणंही गेलं. तेव्हापासून पाटी आणि खडू. तरी रोज सकाळी ते स्वतःच्या पायानं कोपऱ्यावरच्या टपरीवर जात आणि थंड झालेला चहा मान मागं टाकून बशीतून पीत. अर्धा तास लागे, अर्धा चहा शर्टावर सांडे. आई म्हणे, घरी करून देते. त्यांना टपरीवरचाच हवा असे.

गेल्या हिवाळ्यात गाठ परत आली. अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की जबडा काढावा लागेल आणि पुढं जेवण नाकातल्या नळीनंच. केलं तर कदाचित वर्ष-दीड वर्ष. नाही केलं तर काही महिने, नक्की सांगता येत नाही. (बाबांना नंतर पाच महिने मिळाले, सगळे नळीवर. आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी चांगल्या शेवटाची वाट पाहायला नको.) डॉक्टर भला माणूस होता. तुम्ही सही करण्याआधी त्यांना विचारा, मला त्यांचा होकार पाहिजे, असं त्यानं दोनदा बजावलं.

मी पार सैरभैर झाले होते. घरच्या देवापुढं उदबत्ती लावायला कंटाळणारी मी, बसनं मोझरीला जाऊन महाराजांच्या समाधीवर डोकं टेकवून आले. आईचे गुडघे गेलेले, ती अकोल्यातच होती. तिला फोन केला तर म्हणाली, तुले वाटते ते कर. मला तिचा इतका संताप आला की मी फोन कापला. बाबांशिवायचं घर मला डोळ्यांपुढं आणताच येत नव्हतं.

संध्याकाळी मी बाबांच्या मांडीवर पाटी ठेवली आणि विचारलं, ऑपरेशन करायचं का, हो की नाही तेवढंच सांगा. सरळ उत्तर द्यायची त्यांना जन्मात सवय नव्हती. ते बराच वेळ चित्र काढत बसले, मग पाटी माझ्याकडे सरकवून भिंतीकडे तोंड करून निजले.

पाटीवर तीन चौकोन होते. पहिल्यात गाढव खाटेवर उताणं पडलेलं, चारी पाय वर, नाकात नळी, पोटावर माशी. मधल्यात डॉक्टरचा कोट घातलेला कावळा, पंखात कात्री. तिसऱ्यात गाढव टपरीपुढं आमच्याकडे तोंड करून उभं, हातात बशी, कान ऐटीत. मी रडता रडता हसले. आजारी पडलो, कापून घेतलं, परत टपरीवर आलो. खरं तर तेव्हा त्यांना नुसती मान हलवायला सांगायला हवं होतं. पण मला हवं ते उत्तर मिळालं होतं, आणि तसं ते मिळालं की मी दुसऱ्यांदा विचारत नाही. डॉक्टरांना जाऊन सांगितलं, बाबा हो म्हणाले. सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी अकोल्याहून चाचा आले, बाबांचे प्रेसमधले जुने सोबती. तिथं छपाईची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवायचं काम त्यांच्याकडे होतं, मराठी आणि उर्दू दोन्ही. बाबा डोळे मिटून पडले होते. चाचांनी उशाची पाटी उचलली आणि गालातल्या गालात हसले.

"अजून ठोकळ्यासाठीच काढून राह्यला हा," ते म्हणाले.

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. लिनोवर सगळं उलटं कोरायचं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. तीस वर्षं बाबांचा हात उलटाच चालला होता, चौकोनसुद्धा ते उजवीकडून मांडत. चाचांनी टपरीवर बोट ठेवलं.

"इथून सुरू होते, बेटा. चहा पिऊन राह्यला. मंग हा कावया आला. अन् मंग..."

बोट खाटेवर पोचलं आणि त्यांचं हसू मावळलं. पाटी जागेवर ठेवून, चहा घेऊन येतो असं पुटपुटत ते बाहेर गेले.

मी स्वतःची समजूत घालायला लागले. चाचा उर्दू वाचणारे, त्यांना सगळं उजवीकडूनच दिसणार. मग मी गाढवाचा शर्ट पाहिला. खिसा उजव्या छातीवर होता, ठोकळ्यावर असतो तसा उलटा. जगातला कुठलाही शिंपी तिथं खिसा लावत नाही, आणि ट्रंकेतल्या एकाही अंकात तो तिथं नव्हता.

बाबांनी नाही म्हटलं होतं. मी अजून टपरीवर उभा आहे, मला आडवं करू नका, असं म्हटलं होतं.

अजून वेळ होता. डॉक्टर दोन दारं सोडून बसले होते. जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, माझी चूक झाली, एवढंच. मी गेले नाही. मला बाबा पाहिजे होते. नळीवरचे, बिनजबड्याचे, टपरीवर कधीच न जाणारे, कसेही, पण पाहिजे होते. ते काय म्हणतात याला त्या क्षणी माझ्या लेखी काही किंमत नव्हती, आणि हे लिहिताना मला माझी लाज वाटते.

मी ओढणीचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि पाटी पुसली. आधी टपरी पुसली, मग कावळा, मग खाट.

मान वर केली तेव्हा बाबांचे डोळे उघडे होते. किती वेळ उघडे होते कोण जाणे. ते पाटीकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. तेवढ्यात सिस्टर सुईचा ट्रे घेऊन आली. तिनं सांगायच्या आधीच बाबांनी बाही वर सरकवली आणि हात पुढे केला.