मागच्या गेटने या

फोनवर जो आरडाओरडा करतो, त्याची मला फारशी काळजी वाटत नाही. ओरडायला श्वास लागतो, आणि श्वास नीट चालू असला की निम्मी धाकधूक तिथेच कमी होते. नोएडातल्या एका रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे शिकले. "मॅडम, बंदा मर जाएगा, जल्दी भेजो!" असं कोणी किंचाळलं की मी विचारायचे, "बंदा बात कर रहा है?" त्यावर मागून बंदाच ओरडायचा, "अरे, पैर टूट गया है मेरा!" मग गाडी जायची, पण पिवळ्या रंगात.

आमच्याकडे तीन रंग असतात. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, आणि तीही सगळी यंत्रं असलेली मोठी गाडी. पिवळा म्हणजे लवकर, पण रांगेने. हिरवा म्हणजे रिक्षाने गेलात तरी चालेल, फक्त तसं तोंडावर म्हणायचं नाही.

धसका हळू बोलणाऱ्यांचा. एकदा सकाळी एक बाई अगदी संकोचून म्हणाल्या, "बेटा, ये उठ नहीं रहे, नाश्ता ठंडा हो रहा है." शेजारच्या खुर्चीतल्या माझ्या मेरठच्या मैत्रिणीने तो कॉल घेतला होता. तिने दोन प्रश्न विचारले आणि लाल बटण दाबलं. काकांची साखर उतरली होती. संध्याकाळी बाईंनी आवर्जून फोन करून कळवलं, की त्यांनी नाश्ता केला, परत गरम करून दिला. म्हणून आम्ही "कसं वाटतंय" यावर विसंबत नाही, "काय करतायत" ते विचारतो. आमच्या प्रश्नांच्या तक्त्यात शेवटचा प्रश्न असतो: रोजच्यापेक्षा काही वेगळं वागतायत का?

घरी माझ्या या तक्त्याची यथेच्छ टिंगल चालायची. त्यात बाबा पुढे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला हा माणूस सर्दी झाली की विचारायचा, "काय गं, आज मी हिरवा का पिवळा?"

आणि मी टिंगल करायचे ती त्यांच्या रस्ता सांगण्याची. सगळा जन्म दिल्लीत गेल्यामुळे दिल्ली-नोएडातला प्रत्येक रस्ता आपण स्वतः बांधून घेतलाय, असा त्यांचा समज आहे. पुण्याहून पाहुणे येत, त्यांना पानिपतला लढाईचं स्मारक, काला अंब, बघायला जायचं असे. टॅक्सीवाल्याच्या मोबाईलमध्ये नकाशा चालू असतानाही बाबा खिडकीत वाकून अर्धा तास त्याला समजावत. आमच्या घरी येणाऱ्या कुरियरवाल्याचीही सुटका नव्हती. "मेन गेट से मत आना, वहाँ रजिस्टर भरवाते हैं और लिफ्ट छोटी है. दूध के बूथ से बाएँ, फिर बिजली का डिब्बा, फिर पीछे का गेट." मी म्हणायचे, "बाबा, त्याला लोकेशन पाठवलंय." ते म्हणायचे, "लोकेशनला लिफ्ट कळते का?"

त्या दुपारी आई मावशीकडे पुण्याला गेली होती आणि बाबा घरी एकटे होते. ड्युटीवर आमचे मोबाईल लॉकरमध्ये असतात. त्यामुळे त्यांनी सरळ रुग्णवाहिकेचा नंबर लावला. रुग्णवाहिकेसाठी नव्हे, माझ्यासाठी. कॉल मैत्रिणीकडे गेला. ते म्हणाले, "मेरी बेटी वहाँ काम करती है. फुर्सत मिले तो फोन कर ले. कोई जल्दी नहीं."

मैत्रीण हुशार. तिने विचारलं, "अंकल, आपकी तबीयत ठीक है?" मग मला खूण केली आणि कॉल माझ्याही कानात जोडला. स्वतःच्या माणसाचा कॉल आम्ही घ्यायचा नाही, फक्त ऐकू शकतो, असा नियम आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी तो तक्ता खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने ऐकला. छातीत दुखतंय? "नहीं नहीं." श्वास? "बिल्कुल ठीक." घाम? "गर्मी है, बेटा." मग त्रास काय? "थोड़ी गैस है. कमजोरी है. आप लोग तकलीफ मत कीजिए."

हा आपल्या लोकांचा स्वभाव माझा अगदी जीव खातो. घराला आग लागली तरी बंब बोलावताना आधी "तुमचं जेवण झालं का" विचारतील! मैत्रिणीचं बोट पिवळ्यावर गेलं. चूक तिची नव्हती, उत्तरंच पिवळी होती. तिने शेवटी पत्ता विचारला. बाबांनी फ्लॅटचा नंबर सांगितला, सेक्टर सांगितला, आणि म्हणाले, "बस."

मी खुर्चीतून ताडकन उठले.

मी ओरडले, "लाल कर!" सगळी खोली वळून बघायला लागली. त्या भागात एकच मोठी गाडी मोकळी होती. सुपरवायझर मॅडम उठून आल्या. बाई कडक, आणि असायलाच हव्यात. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तुम्हारे पापा हैं, इसलिए?"

प्रश्न रास्त होता. दुसऱ्या कुणाच्या बापाची गाडी मी ओढून घेत असेन तर? क्षणभर मलाच कळेना, की माझी भीती बोलतेय की माझं काम. मग मी तक्त्याच्या शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"मॅडम, इन्होंने रास्ता नहीं बताया. मेरे पापा पानी के टैंकर वाले को भी दस मिनट रास्ता बताते हैं. आज नहीं बताया."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं, आणि स्वतः लाल बटण दाबलं.

ड्रायव्हरशी बोलायची परवानगी मला मिळाली. आणि काय सांगू, ज्या पाठाला मी इतकी वर्षं हसले, तो माझ्या तोंडून घडाघडा बाहेर पडला. मेन गेट नाही, तिथे रजिस्टर भरायला लावतात, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावणार नाही. दुधाच्या बूथपासून डावीकडे, विजेचा डबा, मागचं गेट. एकही वळण चुकलं नाही. मैत्रीण बाबांना फोनवर बोलतं ठेवत होती. त्यांचे शब्द कमी कमी होत गेले.

गाडी पोचली. हृदयाचा झटकाच होता. मग आमच्या स्क्रीनवर नुसता एक ठिपका सरकत राहिला. मी हात जोडून त्याच्याकडे बघत बसले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

बऱ्याच वेळाने गाडीतल्या मुलाचा फोन आला. "मैडम, अंकल ऑक्सीजन मास्क हटा रहे हैं. पूछ रहे हैं पीछे वाला गेट किसने बताया. और कह रहे हैं, फ्लायओवर मत लेना, नीचे से जाओ."

मी टेबलावर डोकं टेकून रडले, आणि रडता रडता हसायला लागले. सुपरवायझर मॅडम माझ्या पाठीवर थोपटून म्हणाल्या, "चलो, नीचे से ही भिजवाते हैं."

आता बाबा बरे आहेत. हृदयात स्टेंट बसलाय आणि रस्ता सांगण्यात दवाखान्यापर्यंतच्या नव्या वाटेची भर पडलीये. परवा दाराशी कुरियरवाला बाबांचा रस्ता ऐकत अवघडून उभा होता, त्याने सुटकेसाठी माझ्याकडे पाहिलं. पूर्वी मी मध्ये पडले असते. आता मी त्याला पाणी दिलं, बाबांच्या शेजारी बसले, आणि शेवटच्या वळणापर्यंत सगळं ऐकून घेतलं.