हात बघू

भामरे सिस्टर पेशंटच्या तोंडाकडे बघत नसत. गंगापूर रोडवरच्या त्वचारोगाच्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या खोलीबाहेर त्यांचं टेबल होतं. समोर कोणी बसलं की म्हणायच्या, "हात बघू." मग बोटं एकेक फाकवून बेचक्यात निरखून बघायच्या. "तोंड लपवतं, बेचकं नाय लपवत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या मूळच्या कळवणच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या.

मी पहिल्यांदा गेले ती मे महिन्यात, पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून. मनगटावर आणि कमरेला बारीक पुळ्या होत्या. आईने फोनवरच पित्त ठरवून आमसुलाचं पाणी लावायला सांगितलं होतं. मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने खाज आठवडाभर दबली आणि मग दुपटीने परतली.

माझ्या आधी द्राक्षबागेत काम करणारी एक बाई होती. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

"गाजरगवत उपटलं का?"

"व्हय, परवा."

"हातमोजे?"

"मालकाकडं हायेत ना."

"वा! तण तू उपटायचं आन् हातमोजे मालकाने जपायचे!"

बाई हसली. मग माझा नंबर आला. सिस्टरनी बोटं फाकवली. "रात्री जास्त खाजतं? खोलीत अजून कोण खाजवतं?"

"माहीत नाही."

"माहीत नाय, का बघितलं नाय?"

डॉक्टरांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं, तेव्हा मला विशेष काही वाटलं नाही. बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "खरूज हाय पोरी," आणि माझे कान तापले. मलम मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा एकदा. चादरी आणि कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे. "आन् खोलीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. एकीने लावून कायबी उपयोग नाय."

आम्ही खोलीत तिघी राहायचो, स्नेहल, पूजा आणि मी. मी मलम बाथरूमची कडी लावून लावलं, चादर गुपचूप धुतली आणि दोघींना काहीच सांगितलं नाही. महिन्याभराने पुळ्या परत आल्या.

सिस्टरनी माझी बेचकी पाहिली. "सांगितलंस पोरींना?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मलमात खोट नाय बरं का," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, हातही सोडला नाही. आजवर कोणी बघू नये म्हणून मी जे हात ओढणीखाली ठेवत होते, ते त्यांनी निवांत धरून ठेवले होते. मग माझ्या तोंडून निघालं, "स्नेहल शनिवारी नांदगावला चाललीय. बहिणीच्या बाळाचं बारसं आहे."

त्यांचं बोट थांबलं. "तान्हं बाळ? ती त्याला मांडीवर घेणार का नाय? मी येऊ का सांगायला?"

"नको," मी म्हणाले. "मी सांगते."

संध्याकाळी दोघी चहा पीत होत्या. काय बोलावं ते मी वाटेत तीनदा जुळवलं होतं. प्रत्यक्षात बाह्या वर केल्या आणि हात पुढे धरले. "मला खरूज झालीय. आधीच सांगायला हवं होतं."

पूजाने कप ठेवला. स्नेहल माझ्या हातांकडे बघत राहिली, मग तिने स्वतःची बोटं फाकवली. "मला वाटलं मलाच झालंय," ती म्हणाली. "म्हणून मी तुझ्यापासून लांब झोपत होते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी एका बाकावर बसलो होतो. सिस्टरनी तीनदा "हात बघू" म्हटलं. स्नेहल बारशाला गेली, पण बाळाला दारातूनच पाहून आली. मलमानंतरही खाज दोन-तीन आठवडे रेंगाळली. "ती जाताना मागं वळून बघते, घाबरायचं नाय," असं सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं होतं.

दिवाळीनंतर त्या कायमच्या कळवणला निघाल्या. मी पेढे घेऊन गेले. पुडा हातात घेण्याआधी त्यांनी सवयीने माझा हात धरला, बोटं फाकवली, बेचक्यात पाहिलं.

"स्वच्छ," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मान वर करून पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. "अगं, अशी दिसतेस होय तू!"