अध्यक्षांच्या अंगठ्याची दोरी

"हा प्रश्न व्यापक आहे," असं म्हणत आमचे अध्यक्ष उजव्या हाताचं बोट छताकडे न्यायचे आणि तिथंच धरून ठेवायचे. नळाला पाणी आलं नाही, तरी प्रश्न व्यापक. चहात साखर कमी पडली, तरी व्यापकच. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल; प्रत्येक गल्लीत एक असतोच.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोल्हापुरात आमचं अभ्यासमंडळ त्यांच्या दोन खोल्यांत भरायचं. दिवसा ते एका पतसंस्थेत कारकून, संध्याकाळी क्रांतीचे अध्यक्ष. मी कॉलेजात होते. आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांऐवजी पत्रकंच असायची, त्यामुळे ठळक अक्षरांवर माझा लहानपणापासून विश्वास. मंडळात बाई मी एकटीच, म्हणून ठरावांत माझा उल्लेख 'महिला आघाडी' असा व्हायचा.

त्या दिवसांत आम्ही स्त्रीमुक्तीवर पत्रक लिहीत होतो. बाहेरच्या खोलीत पुरुषमंडळी 'चूल आणि मूल' या शब्दांवर तुटून पडलेली, आणि आत वहिनी, म्हणजे अध्यक्षांची बायको, भाकरी थापत बसलेल्या. पाळण्याची दोरी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. हात परातीत, पाय पाळण्यात. दिवे लागले की तान्ही पोरगी रडायला लागायची आणि अध्यक्ष बोट खाली न घेता आत ओरडायचे, "अगं, बघ जरा तिच्याकडं! इथं महत्त्वाचं चाललंय."

वहिनींची शाळा नववीत सुटली होती. त्यांनी बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. गल्लीच्या टोकाला एक बाई संध्याकाळी सातला गणित शिकवायच्या. पण सात ही पोरीची झोपायची वेळ, आणि आमच्या बैठकीचीही. तास बुडत होते, परीक्षा जवळ येत होती.

एकदा त्यांनी दारात येऊन विचारलं, "अवो, तासाला जाऊ न्हवं?"

बोट वर गेलं. "हा प्रश्न व्यापक आहे. बालसंगोपन ही समाजाची जबाबदारी आहे."

"मग समाज कवा येनार हाय झोपवायला?"

मी हसले. बाकी कुणी हसलं नाही.

पाळणा मधल्या दाराशीच टांगलेला. वहिनींनी दोरी बाहेर ओढली, सतरंजीवर बसलेल्या अध्यक्षांच्या पायाच्या अंगठ्याला गाठ मारली आणि वही काखेत घेतली. "तुमचं व्यापक चालू द्या की. एवढं बारकं सांभाळा." चपला वाजल्या. वहिनी गेल्या.

भाषण थांबवणं अध्यक्षांच्या तत्त्वात बसत नव्हतं. "शोषकांना..." असं गरजताना नेहमीसारखा त्यांचा सगळा देह उडाला, पाळण्याला हिसका बसला आणि पोरीनं टाहो फोडला. अध्यक्षांनी पाय सावरला. मग आवाज. पाठोपाठ पुस्तकी मराठीही गळून पडली. "शोषकांना... न्हाय सोडनार गं... न्हाय सोडनार..." शोषकांना इतक्या मायेनं कुणी दम दिला नसेल. पोरगी झोपली. खजिनदारही झोपले.

दुसऱ्या दिवशी चिटणीस कुरकुरले, "अध्यक्ष, ही काय बैठक हाय व्हय? आवाज काढायची चोरी!"

"हळू बोला," अध्यक्ष कुजबुजले. "प्रश्न आत्ताच झोपलाय."

पत्रकावर सही करायला सगळे पुढे होते. दोरी धरायची पाळी येईल असं दिसल्यावर कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाची कंबर धरली. मंडळ आटलं. पत्रक छापलंच नाही. त्याची गरज नव्हती असं मी म्हणणार नाही. होती आणि आहे. पण त्या घरात सातच्या ठोक्याला अध्यक्षांचा अंगठा पुढे यायचा आणि वहिनी वही घेऊन बाहेर पडायच्या. त्या दहावी झाल्या, पुढे बालवाडीत शिकवू लागल्या.

गेल्या वर्षी मी अध्यक्षांना दवाखान्यात भेटायला गेले. वाचा गेली होती, बोटही उठत नव्हतं. फक्त चादरीखाली उजवा पाय सावकाश मागं-पुढं हलत होता. मला वाटलं कळ येत असेल; मी नर्सला हाक मारायला वळले.

"थांब," वहिनी म्हणाल्या. पाळण्यातली ती पोरगी, आता पंचविशी ओलांडलेली, थर्मास घेऊन उशाशी उभी होती. वहिनींनी चादरीत हात घालून त्यांचा अंगठा मुठीत धरला.

"झोपली ती," त्या हळूच म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या आता."

पाय थांबला.