क्षमेवर बोलायला गेले होते

नाशिकहून निघाले तेव्हा क्षमेवरचा माझा उपदेश तयार होता. वाटूरजवळच्या एका खेड्यातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीनं महिला मेळाव्यासाठी मला बोलावलं होतं. जालन्यापर्यंत रेल्वे, पुढं एसटी. दोन्ही बाजूंना कपाशी, मधूनच मोसंबीच्या बागा. शेजारणीशी बोलण्याच्या नादात मी एक फाटा आधीच उतरले. फोन केल्यावर मंडळीचे पंच (कारभार पाहणारे वडीलधारे) मोटारसायकल घेऊन आले. पन्नाशीचे, हळू बोलणारे. "बिलकुल काळजी करू नका, ताई," म्हणत त्यांनी माझी पिशवी घेतली. वाटेत आपल्या बागेतली मोसंबी सोलून दिली. किती भला माणूस, असं मनात आलं.

मुक्काम मार्थाबाईंकडे होता. त्यांनी भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-डाळींच्या पिठाचं झणझणीत कालवण) वाढलं. त्यांची मुलगी एस्तेर, तिशीतली, समोर बसली होती.

"ताई, उद्या तुम्ही क्षमेवर बोलणार म्हणं?"

"हो."

"मंग मी येत न्हाई."

मी कारण विचारलं. तिनं आईकडे पाहिलं. मार्थाबाई म्हणाल्या, "सांग त्यांना."

तिनं सांगितलं. मला घेऊन आलेल्या त्याच पंचांनी, ती चर्चमध्ये एकटी झाडत असताना, तिच्यावर बळजबरी केली होती. तिनं पाळकांना सांगितलं. त्यांनी रविवारी दोघांना सगळ्यांपुढं उभं केलं, तिचा हात त्याच्या हातात दिला आणि 'मी क्षमा केली' असं म्हणायला लावलं.

"म्हणलं मी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाळक म्हणले, आता तू बरी झालीस. मी बरी न्हाई झाले, ताई. दर प्रभुभोजनाला द्राक्षरसाच्या प्याल्यांचं ताट तोच फिरवून राह्यलाय."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. बोटांना मोसंबीचा वास येत होता. उठून हात धुतले, पुन्हा धुतले, तरी तो जाईना.

मी विचारलं, "तुला काय हवंय?"

"पोलिसात जायचंय. पण आधी माझा शब्द वापस पायजे. सगळ्यांसमोर घेतला, सगळ्यांसमोरच पायजे."

सकाळी मी ठरलेला उपदेश केला नाही. पवित्र शास्त्रातल्या (बायबलमधल्या) एका राजकन्येची गोष्ट सांगितली. सावत्र भावानं तिच्यावर बळजबरी केली. सख्ख्या भावानं तिला गप्प राहायला सांगितलं. राजा असलेला बाप संतापला, पण त्यानं केलं काही नाही. "शास्त्रानं तिचं दुःख लपवलेलं नाही," मी म्हणाले. "मरणातून पुन्हा उठलेल्या प्रभूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण होतेच. मग बाईची जखम आपण एका प्रार्थनेत कशी पुसतो?"

पाळक घड्याळ पाहत होते. प्रभुभोजनासाठी पंच उठले, तशी मागच्या रांगेत येऊन बसलेली एस्तेर उभी राहिली.

"मी याला माफ केलेलं न्हाई. माझ्याकडून म्हणवून घेतलं. तो शब्द मी वापस घेते."

"बाळ, खाली बस," पाळक म्हणाले. "हे प्रभूचं घर आहे."

"म्हणूनच इथं बोलून राह्यले."

मार्थाबाईंनी पंचांच्या हातातलं ताट काढून घेतलं. काही बायका एस्तेरजवळ जाऊन उभ्या राहिल्या. काही निघून गेल्या. त्यातली एक मला म्हणाली, "तुम्ही उद्या जाताल. आम्हाला इथंच राह्यचंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी पोलीस ठाण्यात गेलो. बरंच बसवून ठेवलं, पण तक्रार घेतली. बाहेर आल्यावर एस्तेर म्हणाली, "आता पुढचं पुढं." आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिथूनच मी जालन्याची एसटी धरली.

परतीच्या गाडीत एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. पाप करणाऱ्यानं देवाकडे परत कसं यावं, हे आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असतं. जिच्यावर पाप झालं तिनं कुठं जावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मीही कुणाला शिकवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी नाशिकच्या आमच्या पाळकांनी विचारलं, "जालन्याचा प्रवास कसा झाला?" चर्चच्या दारातच मी त्यांना सगळं सांगितलं. लोक पांगले. दोन बायका मात्र घरी गेल्या नाहीत. एकमेकींपासून दूर उभ्या राहून, माझं बोलणं संपायची वाट पाहत त्या थांबल्या होत्या.