हरिहरपंतांचा पांढरा अंगरखा

हरिहरपंत वैशंपायनांना माणसांचा राग नव्हता, किळस होती. ठाकुर्लीच्या वीजघरात ते कारकून होते. शेजारचा शिंकला तर हे आपली फाईल खिडकीत नेऊन धरत. हात इतके धूत की डोंबिवलीला त्यांच्या आळीतल्या बायका आडावर हसायच्या, "पंत, हातावरच्या रेषा पुसल्या जातील हो!" अशा माणसाला गणेशोत्सवाच्या मंडळानं काम काय द्यावं? तर नाटकाच्या कपडेपटाचं. वात्रटपणाच तो, दुसरं काय!

नाटक पेशवाईतलं. असले कपडे कल्याणच्या राघोकडून भाड्यानं येत. राघोकडं एक जांभळा, जरीचा मखमली डगला होता. तो चढवला की माणूस राजा, मग अयोध्येचा असो की साताऱ्याचा. डगला धुतला की जरीची तार काळी पडते, म्हणून राघो तो कधीच धूत नसे. उन्हात टाकायचा, उदाचा धूर द्यायचा आणि पुढच्या राजाच्या अंगावर घालायचा. पंतांनी गळ्याची पट्टी उलटून पाहिली. घाम, तेल आणि तोंडाचा रंग यांचा थर बसलेला, नखानं खरवडावा असा. वासाचं तर विचारूच नका.

"हा कपडा आहे की कातडं?"

"साहेब, मोठमोठ्या नटांचा घाम हाय त्यात!" राघो अभिमानानं म्हणाला.

पंतांनी घरी येऊन आंघोळ केली आणि ठरवलं, आमचा पेशवा माझ्या हातचा अंगरखा घालील. जुनी चित्रं बघून त्यांनी बेत काढला. पांढरी मलमल, छातीवर बंद, पायघोळ घेर आणि मनगटाशी चुण्या पडणाऱ्या लांब बाह्या. बायकोचं, सुहासिनीबाईंचं, शिवणाचं यंत्र त्यांनी पावसाळाभर अडवून ठेवलं. "अहो, माझी पोलकी कधी व्हायची?" असं त्या विचारायला गेल्या की उत्तर यायचं, "कापडाला हात लावू नकोस, आधी धू."

अंगरखा झाला मात्र दृष्ट लागण्यासारखा. आता तो एकदा गावानं रंगमंचावर पाहावा, एवढ्यातच पंतांचा सगळा जीव अडकला होता.

पण अंगरख्यात माणूस घालावा लागतो ना! पेशवा होते पोपटराव कर्णिक. आवाज खणखणीत, पण तोंडात सदा तंबाखूचं पान. ते बोलू लागले की समोरच्यानं छत्री उघडावी. प्रयोगाच्या दिवशी पंतांनी त्यांना उटणं लावून न्हायला घातलं. मग रंगपटात त्यांचा सदरा उतरवला, आणि पाहतात तो पाठीवर गजकर्ण! पुरीएवढं, कडेनं लाल, वर मलमाचा पिवळा लेप.

"पंत, जरा खाजवता का हो?"

अंगरखा छातीशी धरून पंत मागं सरले. "तुम्ही मखमलच घाला!"

"आणि हा कोण घालणार?"

"मी!"

पंतांकडं भालदाराचं मुकं काम होतं. काठी धरून गादीमागं उभं राहायचं, बस्स.

पडदा वर गेला. गादीवर मळकट जांभळा पेशवा आणि मागं शुभ्र, झुळझुळीत भालदार. पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "श्रीमंत, उभे का? बसा की गादीवर!" हशा आणि टाळ्या. पंतांची मान आणखी ताठ झाली. पोपटरावांनी ते सगळं पाहिलं.

शेवटच्या अंकात लढाई जिंकल्याची खबर आली, आणि पोपटरावांनी नाटकात नसलेलं वाक्य ठोकलं, "इमानी भालदारा, ये, तुला पोटाशी धरतो!" अशी मिठी मारली म्हणता! चिकट मखमल पंतांच्या गालावर घासली. तांबडी लाळ मानेवरून मलमलीत उतरली. वर पोपटरावांनी वळून पंतांच्या काठीवर आपली पाठही घासून घेतली, अगदी निवांत. लोक गहिवरले. आणि पंत? पडदा पडेपर्यंत भालदाराला जागा सोडता येत नाही.

घरी गेल्यावर त्यांनी अंगरखा चुलीजवळच्या चिमट्यानं उचलला.

"मी धुऊन देते हो. डाग निघेल," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"कपड्यावरचा निघेल. राघोला देऊन टाक."

राघोला काय, आनंदच झाला. पुढं कल्याणपासून मोहन्यापर्यंत तो अंगरखा कुणाकुणाच्या अंगावर चढला, देव जाणे. आणि जिथं चढे तिथं पंत हजर! शेवटच्या रांगेत, नाकाला रुमाल लावून. घेर फिरला की डोळे भरून बघायचे, नट घाम पुसू लागला की तोंड फिरवायचे.

"एवढं मळमळतंय तर येता कशाला?" सुहासिनीबाई कुजबुजत.

"बाह्या बघ," पंत रुमालाआडून म्हणत, "चुण्या अजून मोडल्या नाहीत."