बोर्डासमोर सोमा मडावी

२००४ साली मी फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन गावी, सालेकशाला आलो. माझ्याच सेक्शनचा सोमा मडावी आधीच घरी बसला होता. गस्तीवर असताना माइन फुटली, त्यात आमचा नायक हरिराम गेला आणि सोमाच्या उजव्या घोट्याची वाट लागली. धानाच्या बांधीत उतरला की पाय उचलत नसे. तरी मेडिकल बोर्डानं अपंगत्व इतकं कमी लावलं की पेन्शन नामंजूर.

"बोर्डात काय झालं?" मी विचारलं.

"डॉक्टर साहेब बोलले, कोई तकलीफ? मी म्हटलं, नहीं साब, ठीक हूँ!"

माझं डोकंच फिरलं. "काऊन रे असा बोल्लास?"

"साहेबासमोर दुसरं काय बोलू, उस्ताद?"

तुम्ही हसाल. पण रंगरूट असल्यापासून आम्हाला हेच एक उत्तर येतं. मला राग आला डॉक्टरचा. वर्दीतला माणूस, त्याला हे ठाऊक नसेल? खुर्चीतून उठला नाही, बूट काढायला लावला नाही, लिहून मोकळा!

अपील केलं. दुसरा बोर्ड लागला. गाडीत अख्ख्या वाटेनं मी सोमाला पढवत राहिलो.

"म्हण, दुखते."

"दुखते."

"जोरानं म्हण ना बे!"

समोरची बाई पदरात तोंड घालून हसत होती.

बोर्डाच्या दिवशी मी बाहेर येरझारा घालत होतो. दार अर्धं उघडं होतं. आत मेजर मॅडम.

"कोई तकलीफ?"

सोमा सावधान. "नहीं मैडम!"

मी कपाळावर हात मारला. संपलं सगळं.

पण मॅडमनी पेन खाली ठेवला. "बूट उतारो."

स्टूल ओढून त्या त्याच्या पायाशी बसल्या. घोटा फिरवून पाहिला. उकिडवं बसायला लावलं. उठताना सोमानं टेबल धरलं, घामानं भिजला. घरी काय काम करतो, किती वेळ उभा राहतो, सगळं त्यांनी विचारलं.

"दर्द है. फिर बोलते क्यों नहीं?"

सोमानं काढलेला बूट उचलून हातात घेतला.

"आगे चलने का नंबर मेरा था, मैडम. नायक हरिराम बोले, तू पीछे आ. वो तो बचे नहीं. मैं पैर का क्या बोलूँ?"

मी त्यांचा सेक्शन कमांडर. त्यांनी आपसात नंबर बदलला, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सोमाला पेन्शन लागली. हरिराम आमच्यातला सगळ्यात मस्करीखोर. त्या सकाळीही तो कुणाची तरी चेष्टा करतच पोस्टबाहेर पडला होता. पुढे जायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.